तिची पाळी कोण घेणार?

मधुमेहाच्या ओपीडीत म्हातारं माणूस एकटं क्वचितच येतं. सोबत कुणीतरी असतं आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं तेच देतं. उपाशीपोटीची साखर किती होती, रात्री किती वेळा उठवावं लागलं, पायाची जखम कुठवर भरली, शनिवारी डायलिसिसला बीपी किती उतरलं. आजोबा भिंतीकडे बघत बसलेले असतात आणि सून, बायको किंवा लेक वही उघडून तारीखवार सांगत असते. तिचे डोळे ओढलेले असतात, खुर्चीवरून उठताना हात कमरेला जातो. तिला मात्र कुणी काही विचारत नाही, कारण केसपेपर तिच्या नावाचा नसतो.

मी साताऱ्यात मधुमेहाच्या दवाखान्यात समुपदेशनाचं काम करते. डॉक्टरांना भेटून झाल्यावर ही मंडळी माझ्या टेबलाशी येतात. आहाराचा कागद समजून घेता घेता एखादी बाई हळूच म्हणते, "ताई, खरं सांगू का, आता माझ्याच्यानं होत नाही." म्हणताना ती मागे वळून बघते, पेशंटनं ऐकलं तर नाही ना. त्या बाईसाठी हे लिहिते आहे. पण तिच्याहून जास्त ते तिच्या आजूबाजूच्या माणसांनी वाचावं असं मला वाटतं. दीर, नणंद, परगावी नोकरीला असलेला मुलगा, लग्न होऊन गेलेली लेक, शेजारी, गावातला ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांनी. मागणी एकच आहे. तिचं कौतुक आता पुरे झालं. तिच्या कामातला ठरावीक वाटा नावानिशी आणि वारानिशी आपल्याकडे घ्या.

बाहेरच्याला हे काम दिसतं ते एवढंच की गोळ्या द्यायच्या, बिनसाखरेचा चहा करायचा, महिन्याला दवाखान्यात न्यायचं. मधुमेह नवा असतो तेव्हा ते खरंही असतं. पण वीस-पंचवीस वर्षांच्या मधुमेहानं डोळ्याचा पडदा, किडनी आणि पायाच्या नसा अशा तिन्ही जागा धरल्या की एका अंथरुणावर तीन दुखणी येतात आणि त्यांची पथ्यं एकमेकांत अडकतात. साखर उतरली तर गोड द्यायचं. पण किडनीमुळे संत्र्याचा रस चालत नाही, त्यात पोटॅशियम असतं. म्हणून साधी साखर पाण्यात ढवळून द्यायची आणि ते पाणीसुद्धा दिवसभराच्या मोजलेल्या पाण्यात धरायचं. पायाला जखम म्हणून चालायचं नाही. चालणं थांबलं की साखर वाढते आणि पडून राहिल्यानं पाठ सोलवटते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून इन्सुलिनचा आकडा स्वतः लावता येत नाही. ही सगळी आकडेमोड डोक्यात ठेवून घरातली एक बाई भाकरी थापत असते.

कोरेगावकडच्या एका सुनेची वही मी बऱ्याचदा बघते. शाळेची दोनशे पानी वही, पट्टीनं आखलेले रकाने. पहाटेची साखर, इन्सुलिन किती, पोटाच्या कुठल्या बाजूला टोचलं, काय खाल्लं, लघवी, ड्रेसिंग. 'काय खाल्लं' हा रकाना सगळ्यात रुंद आहे. तो तसा का, हे तिनंच मला सांगितलं. सासूबाईंना दिलेलं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास टोचायचं असतं. टोचलं, ताट वाढलं, आणि त्या म्हणाल्या "नको गं, तोंडाला चव नाही", की तिथून पुढचे दोन-तीन तास हिच्या जिवाला घोर. औषध आत गेलंय, अन्न गेलेलं नाही. मग मऊ भात, मग बिस्कीट, मग विनवण्या. मग आवाज चढतो, त्या रडतात, ही स्वयंपाकघरात जाऊन रडते. वहीत मात्र लिहिलेलं असतं 'चतकोर भाकरी, दोन घास भात'. समासात एका जागी पेन्सिलीनं लिहिलंय, 'माझी बीपीची गोळी आणणे'. पुढच्या पानावर तीच ओळ. त्याच्या पुढच्याही.

रात्रीचं तर वहीत काहीच नाही. साखर वाढली की लघवीला सारखं उठवावं लागतं, आणि साखर उतरली की म्हातारं माणूस झोपेतच घामाघूम होऊन थंड पडतं. एकदा असा प्रसंग घरात घडला की सांभाळणारी बाई पुन्हा गाढ झोपत नाही. ती शेजारी आडवी होते आणि हात त्यांच्या अंगावर ठेवते, घाम आला तर कळावा म्हणून. डायलिसिसचा दिवस म्हणजे मशीनवरचे चार तास, पण गावाहून गाडी करणं, नंबर लागणं, सुटल्यावर गळून गेलेल्या माणसाला धरून आणणं यात अख्खा दिवस जातो. आठवड्यात असे दोन-तीन दिवस. या सुनेचं शिवणकाम होतं, ते तिनं बंद केलं. त्या बुडालेल्या कमाईचा हिशेब घरात कुणी मांडलेला नाही. दवाखान्याच्या बिलात तो येत नाही आणि भावाभावांच्या खर्चाच्या वाटणीतही येत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनं भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचं सांगितलं. राज्यांमध्ये सगळ्यात वरचा आकडा आपल्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के. हे आकडे आपण पेशंटचे म्हणून वाचतो. यातली कितीतरी माणसं म्हातारपणी परावलंबी होतील आणि प्रत्येकामागे एक माणूस बांधलं जाईल. बहुतेक करून ते माणूस कोण, याचाही अंदाज आकड्यांतून येतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरच्या माणसांची काळजी घेणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देताना दिसल्या, पुरुष ७६ मिनिटं. स्वयंपाक, धुणंभांडी, केरवारे यांची बायकांची २९९ मिनिटं वेगळी. त्या कामांना हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात आलं म्हणून स्वयंपाकाची मिनिटं कमी होत नाहीत. उलट एका चुलीवर दोन स्वयंपाक होतात.

आणखी एक गोष्ट मुलांनी वाचावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्यात मुलं म्हणजे कोण, हे लिहिलेलं आहे. सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही. म्हणजे कायद्यानं जबाबदारी पोटच्या मुलांवर टाकली आहे, लेकावर आणि लेकीवर सारखीच. घरात ती जिच्या अंगावर येऊन पडते तिचं त्यात नावही नाही. सुनेनं सासू-सासऱ्यांचं करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. कितीतरी सुना मायेनं करतात, लेकीहून जास्त करतात. पण ती करते म्हणून मुलांची जबाबदारी संपत नाही.

आणि जिथं सून नाही, तिथं बायको. माझ्या टेबलाशी येणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या बायका खूप आहेत. नवऱ्याचा एक पाय गुडघ्याखाली काढलेला आणि त्याला उचलून कमोडवर बसवणाऱ्या बाईचे स्वतःचे गुडघे गेलेले. स्वतःलाही मधुमेह आहे, पण तिची शेवटची तपासणी कधी झाली हे तिला आठवत नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजारी जोडीदाराची शुश्रूषा करून ताणाखाली आलेल्या वृद्धांची गाठ बिनआजारी जोडीदाराच्या वृद्धांशी घालून बघितली. चार वर्षांत ताणाखालच्यांमध्ये मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. तेव्हा आईला "तूच आहेस म्हणून बाबा आहेत" असं सांगणाऱ्या मुलांनो, आईची साखर, बीपी, डोळे या महिन्यात तपासून घ्या. तपासणीला न्यायच्या दिवशी बाबांजवळ कोण थांबणार, तेही आधी ठरवा. नाहीतर ती येणार नाही.

परगावच्या मुलांचा फोन येतो तो बहुतेक असा.

"वहिनी, आईची शुगर किती आली?"

"दोनशे साठ."

"एवढी? काय दिलं होतं खायला?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, तो खरोखर घाबरलेला असतो. पण दिवसभर राबलेल्या बाईला ती उलटतपासणी वाटते. त्याऐवजी विचारा, "वहिनी, या महिन्यात मी कुठले चार दिवस येऊ?" आणि आलात की पाहुणे होऊ नका. ते चार दिवस तिनं माहेरी जावं, झोपावं, दात दाखवून यावेत, काहीही करावं. इन्सुलिन, ड्रेसिंग, डायपर, पथ्याचं जेवण, सगळं तुमच्याकडे. येणं शक्यच नसेल, तुम्ही बंगळूरला किंवा न्यू जर्सीत असाल, तर दुरून करण्यासारखी कामंही भरपूर आहेत. स्ट्रिप, सुया आणि इन्सुलिन संपण्याआधी मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, विम्याचे कागद भरणं, डायलिसिसच्या गाडीवाल्याशी बोलणं. यातलं एक काम संपूर्ण आपल्या अंगावर घ्या, इतकं की घरच्या बाईला त्याची आठवणही ठेवावी लागू नये. आणि पैसे. ते मागितल्यावर देणं वेगळं आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला न मागता टाकणं वेगळं. प्रत्येक रुपयाचा हिशेब मागू नका. जिचं अख्खं आयुष्य या कामात जातंय, तिला दोनशे रुपयांच्या कापसाचं बिल जपायला लावणं बरं नव्हे.

घरातल्या पुरुषांशीही स्पष्ट बोलते. इन्सुलिनचं पेन लावणं आणि बोटातून रक्त घेऊन साखर बघणं दवाखान्यातली सिस्टर अर्ध्या तासात शिकवते. माझ्यासमोर शेतकरी शिकलेत, एसटीचे कंडक्टर शिकलेत, दहावीतला नातू शिकलाय. आईची अंघोळ, कपडे बदलणं मुलाला अवघड जातं, आईलाही संकोच वाटतो, हे मला समजतं. मग रात्रीची साखर तपासणं, ड्रेसिंग, डायलिसिसची ने-आण आणि रोज पाय बघणं ही कामं मुलानं घ्यावीत. "मदत लागली तर सांग" म्हणून मोकळं होऊ नये. सांगत बसणं, आठवण करणं, विनवणं हेही कामच आहे आणि तेच माणसाला जास्त दमवतं.

सांभाळणाऱ्या ताईंनो, तुम्हालाही एक सांगणं आहे. पाळी दुसऱ्याला दिली की खरोखर द्या. "त्यांना माझ्याच हातचं लागतं", "दुसऱ्या कुणाला जमत नाही" असं म्हणत म्हणत आपण एकट्या पडत जातो. नणंद भाकरी जाड करेल, दीर चादर वाकडी घालेल. त्यानं काही बिघडत नाही. जिथं चूक महागात पडते अशा मोजक्या गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा. इन्सुलिन कुठलं आणि किती, पाणी दिवसाला किती, डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर बीपी घ्यायचं नाही आणि सुई टोचायची नाही, साखर उतरल्यावर काय करायचं. बाकीचं ज्याच्या त्याच्या पद्धतीनं होऊ द्या.

ओझं हलकं करायची आणखी एक जागा आहे आणि तिकडे फारच थोड्यांचं लक्ष जातं. ती म्हणजे खुद्द उपचार. पन्नाशीतल्या कामकऱ्या माणसाला जी कडक शिस्त लावतात तीच ऐंशीच्या, अनेक दुखण्यांनी खचलेल्या माणसाला लावायची गरज नसते. तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी, एचबीएवनसी, सर्वसाधारण माणसाची सातच्या आत असावी असं सांगतात. पण अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनासुद्धा अनेक आजार असलेल्या, परावलंबी वृद्धांसाठी आठपर्यंत सूट देतात. फारच थकलेल्या माणसाच्या बाबतीत तर त्या आकड्यावर अवलंबून न राहता साखर उतरू द्यायची नाही आणि वाढलेल्या साखरेचा त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच बघायला सांगतात. म्हणजे दोनशे दहाचा आकडा बघून रात्रभर कुढण्याची गरज प्रत्येक घरात नाही. तुमच्या घरच्या माणसाचं उद्दिष्ट काय असावं, हे डॉक्टरांना थेट विचारा आणि उत्तर फाइलवर लिहून घ्या. परगावच्या मुलांना तेच दाखवता येईल.

पुढच्या भेटीला गोळ्यांची अख्खी पिशवी घेऊन जा आणि विचारा, यातलं आता काय कमी करता येईल? चार वेळा टोचण्याऐवजी दोनदा किंवा एकदा चालेल का? रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन सकाळी देता येईल का, म्हणजे रात्री साखर उतरायची धास्ती कमी होईल? जेवणाचा भरवसा नसलेल्या माणसाला जेवणानंतर लगेच देता येणारं इन्सुलिन बसेल का, म्हणजे किती खाल्लं ते बघून टोचता येईल? जुन्या चिठ्ठीवरची ग्लायबेनक्लामाइडसारखी गोळी अजून चालू असेल तर तीही दाखवा; वृद्धांमध्ये तिनं साखर फार उतरते म्हणून ती टाळायला सांगतात. एक गोष्ट तर सगळ्यांनी लक्षात ठेवावी. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. तोच डोस भारी पडायला लागतो. घरचे खूश होतात की आईची साखर सुधारली, आणि मग एके पहाटे ती शुद्धीवर नसते. साखर आपोआप कमी यायला लागली तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. आपल्या मनानं मात्र काहीही बंद करू नका, कमी-जास्त करू नका.

साखर उतरणं हे घरातल्या प्रत्येकाला ओळखता आलं पाहिजे, शाळकरी नातवंडांनासुद्धा. घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं. ७० च्या खाली आकडा आला तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच, आणि सावरल्यावर थोडं खाणं. मशीन हाताशी नसेल तर वाट न बघता साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हे सगळ्यांना माहीत झालं तरच सांभाळणारी बाई तासभर घराबाहेर निश्चिंत पडू शकेल.

पाय बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते दुसऱ्या कुणीही करावं. नस बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, भाजलेलं कळत नाही. चांगल्या उजेडात तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. गरम पाण्याची पिशवी नाही, ब्लेडनं भोवऱ्या कापणं नाही, घरातही अनवाणी नाही. लालसरपणा, फोड, पाणी किंवा वास असेल तर त्याच दिवशी दवाखाना. एवढ्यानं कितीतरी महिन्यांचं ड्रेसिंग टळतं, आणि ते ड्रेसिंग त्याच एका बाईला करावं लागलं असतं.

ज्यांना परवडतं त्यांनी ब्युरोची बाई ठेवण्यात कमीपणा मानू नये. "घरात सून असताना बाहेरची कशाला" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना एक रात्र राहायला बोलवा. बाई ठेवताना कामं आधी स्पष्ट ठरवा. इन्सुलिन टोचणं, जखम साफ करणं हे शिकलेल्या हातांचं काम आहे, ते तिच्यावर ढकलू नका. तिला नीट जेवण, झोपायला जागा आणि आठवड्याची सुट्टी द्या. तीही कुणाच्या तरी घरची सांभाळणारीच आहे. बारा-बारा तास आपल्या आईचं करून ती घरी जाते तेव्हा तिथंही एखादी म्हातारी तिची वाट बघत असते.

पैशाचं थोडक्यात. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतं, जिल्हा रुग्णालयातही सोय असते. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते काढून ठेवा, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात दाखल झाल्यावरचा खर्च त्यात येतो. औषधांची जेनेरिक नावं डॉक्टरांकडून लिहून घेतली तर जनऔषधी केंद्रात बरीच बचत होते. पण स्ट्रिप, डायपर, ड्रेसिंग, रात्रीची बाई हा घरातला खर्च या योजनांत बसत नाही. तो महिन्याला किती होतो ते एकदा कागदावर मांडा आणि सगळ्या भावंडांना दाखवा. पुष्कळांना त्याची खरोखर कल्पना नसते.

आता रागाबद्दल. हे कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. म्हातारं माणूस उशीखाली पेढा लपवतं, सतराव्यांदा तेच विचारतं, पाहुण्यांसमोर "मला कुणी जेवायला देत नाही" म्हणतं, आणि जीव कासावीस होतो. "सुटले तरी बरं" असा विचार मनात येऊन जातो, आणि मागोमाग पापाची भावना. असं वाटणं म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नाही. ते थकल्याचं लक्षण आहे. पण हात उगारावासा वाटला, जेवण रागानं आपटलं गेलं, तर तिथं थांबायचं. पेशंट सुरक्षित बसलाय एवढं बघून खोलीबाहेर जायचं आणि कुणाला तरी फोन करायचा, "आत्ता ये". त्या म्हाताऱ्या माणसाची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्यानं अख्खं घर चालवलं त्याला आज लघवीसाठी हाक मारावी लागते. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त असतं. जेवायला नकार देणं हे कधी कधी त्याचंच रूप असतं, आणि त्यावर औषध आहे.

सांभाळणाऱ्यालाही नैराश्य येतं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात मन नाही, सारखं रडू येतं, जगू नये असं वाटतं, तर ते लपवू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. आणि डॉक्टरमंडळींना हात जोडून विनंती. पेशंटची साखर विचारून झाल्यावर सोबतच्या बाईला दोन प्रश्न विचारा, "तुम्ही झोपता किती? तुमच्या मदतीला कोण आहे?" याला मिनिटसुद्धा लागत नाही. तिच्या उत्तरावरून तुम्ही लिहिलेला चार इंजेक्शनांचा कागद त्या घरात चालेल की नाही, तेही कळेल.

शेजारी आणि आप्तेष्टांनो, भेटायला जाताना शहाळं नेऊ नका. किडनीच्या पेशंटला ते घातक ठरू शकतं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. कारल्याच्या रसाचे आणि जांभळाच्या बियांचे उपाय सांगू नका. ते सगळं तिनं ऐकलेलं असतं आणि प्रत्येक नवा उपाय तिच्या कष्टांवर शंका घेतो. त्याऐवजी दोन तास बसा आणि तिला बाहेर पाठवा. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, बचत गट, गणेश मंडळं यांना तर मी खास आवाहन करते. आपल्या आळीत अशी किती घरं आहेत, याची यादी करा. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड अशा वस्तू काम झाल्यावर घराघरांत पडून असतात. त्या गोळा करून रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवणं अवघड नाही, अनेक गावांत संस्था ते चालवतातही. आठवड्यातून एक दुपार प्रत्येक घरी एक स्वयंसेवक बसवणं हे त्याच्या पुढचं पाऊल. फक्त त्याला साखर उतरल्याची लक्षणं शिकवून पाठवा.

कुटुंबांनी सुरुवात येत्या रविवारी करावी. सगळी भावंडं एकत्र बसा, दूर असलेल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. जी सांभाळते तिला आधी बोलू द्या, मधे बोलू नका. पहाटेपासून पहाटेपर्यंतची सगळी कामं तिनं सांगायची आणि दुसऱ्या कुणीतरी ती लिहून घ्यायची. मग प्रत्येक कामापुढं एक नाव आणि एक वार. आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि निदान दोन रात्री तिच्या मोकळ्या, हे आधी लिहा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. भांडण होईल, जुनं उकरून निघेल, जमिनीचा विषय निघेल. तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. कागदाचा फोटो घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका आणि महिन्यानं पुन्हा बसून बघा की कुणाची पाळी किती वेळा चुकली. पहिली रात्र ज्याच्या वाट्याला आली असेल त्यानं त्याच संध्याकाळी तिच्याकडून साखर तपासायचं मशीन आणि इन्सुलिनचं पेन समजून घ्यावं, एकदा तिच्यासमोर करून दाखवावं, आणि तिचं अंथरूण दुसऱ्या खोलीत घालून द्यावं.